अठरा हजारांत बसणारा खर्ज

बोनस जमा झाला त्या दिवशी
डब्याच्या पिशवीत मी फीलर गेज टाकला
आणि अंबडची शिफ्ट सुटल्यावर सरळ कॉलेज रोड गाठला.
दुकानातला पोरगा म्हणाला, मॅडम, गिफ्ट द्यायचंय का?
म्हटलं, नाही. तपासायचंय.
बाराव्या पट्टीवर तारेखाली पाती सरकवल्या,
साडेतीन मिलिमीटर.
आमच्या लाइनवर हा माल लाल शाईने परत गेला असता.

त्याने तीन दाखवले.
एक काळा, शोरूममधल्या स्कूटरसारखा चकचकीत,
मान चौतीस इंच.
पहिल्या पट्टीपर्यंत पोचताना माझा खांदा
जिन्यात अडकलेल्या कपाटासारखा तिरका.
दुसरा पाच तारांचा. पाचवी कशाला?
चौघी अजून धड बोलत नाहीत माझ्याशी.
तिसरा स्वस्त, पण खुंट्या अशा
की सूर लावून चहाला जावं
आणि परत येईपर्यंत तोही कुठेतरी गेलेला.

घरचा बेस मामेभावाचा.
त्यावर मार्करने त्याच्या बँडचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर
मी तो वायरीतून लॅपटॉपमध्ये सोडते.
खर्जाचं हे बरं असतं, त्याला माईक लागत नाही,
खाली कुणी गाडी रिव्हर्स घेवो, कुणी मसाला कांडो.
ज्या शहरात ढोल आधी बरगडीत वाजतो आणि मग कानात,
तिथे मी हेडफोन लावून
एक खालचा सा शोधत बसते.
आणि प्रत्येक टेकमागे तो घूंऽऽ,
पंपावरच्या मोटारीसारखा.
दोन वर्षं मी त्याला बेसचाच दोष समजले.
म्हणून तर हा सगळा खटाटोप.

मग कुणीतरी शरणपूरचे त्रिभुवन सांगितले.
शामुवेल त्रिभुवन, नोटांच्या प्रेसमधून रिटायर,
चर्चमध्ये आणि देवळालीच्या लग्नांत तीस वर्षं बेस.
त्यांचा बेस तीस इंची, चिकूच्या रंगाचा,
जिथे अंगठा टेकतो तिथे रंग उडून लाकूड मऊ झालेलं.
चौदा हजार म्हणाले, आणि लगेच स्वतःच कसनुसे झाले,
जणू मुलीचं वय सांगितलं कुणाला.
मी गेज काढला. ते हसले नाहीत.
चष्मा लावून माझ्यासोबत वाकले,
आणि दोन मिलिमीटर ऐकून म्हणाले, पावसाळ्यात सव्वादोन होतं.

तुझा आणलायस? लाव बघू.
लावला त्यांच्या जुन्या अँपला.
मी घूंची वाट पाहिली.
स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.
घूं आलीच नाही.
"आवाज बेसमध्ये नाहीये, पोरी. तुझ्या भिंतीत आहे."

वायरमनने बोर्ड उघडला तर
अर्थिंगची हिरवी तार बिल्डरने नुसती आत कोंबलेली,
कशालाच न जोडलेली.
साडेतीनशे रुपये. वर चहा.

त्या रात्री दोन सुरांच्या मधली जागा
पहिल्यांदा रिकामी ऐकली,
आणि त्या रिकाम्या जागेत स्पष्ट कळलं
की मी घाई करते.
दर चौथ्या मात्रेला, केसभर आधी.
याला कुठली पाती लावायची?

आता खात्यात सतरा हजार सहाशे पन्नास आहेत
आणि जुन्या बेसवर नव्या तारा टाकल्या तर दीड हजारात भागेल,
हे मला कळतं, मी क्वालिटीत आहे.
पण तो मऊ झालेला कोपरा
माझ्या अंगठ्याला बरोबर बसला होता.
त्रिभुवन म्हणाले, नाताळपर्यंत ठेवतो,
मग नातू नेईल, आणि नेऊन स्टिकर लावील.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर जाईन.
गेज नेणार नाही.
बहुतेक नेईनच.